छकुलीची अर्धी गोळी

“अगं ए, काय चारलंस माझ्या नातीला? बोल ना! मूग गिळून बसलीस का?”

धुळाजीचा आवाज असा कडाडला की साखराबाईच्या हातातलं सूप दाण्यांसकट खाली पडलं. चार महिन्यांनी नवरा घरी आलेला... दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघाला होता, तो आज फाल्गुनात, ऐन जेवणाच्या वेळेला दारात उभा. खांद्यावरचं घोंगडं अजून उतरलेलं नाही, घोटभर पाणी प्यालेला नाही, आणि समोर त्याची अडीच वर्षांची नात! परतूरच्या बाजारातून जिच्यासाठी त्यानं लाल झबलं आणलं होतं, ती छकुली ‘आबा, आबा’ करत त्याच्याकडे धावली खरी, पण धावता धावता पाय एकमेकांत अडकले, डावीकडे कलली, एक गिरकी घेतली आणि मटकन खाली बसली. उठली, दोन पावलं टाकली, पुन्हा झोकांडी. डोळे जड, मान लुळी, तोंडावर अर्धवट हसू.

साखराबाईनं धावत जाऊन नातीला कडेवर घेतलं.

“काई न्हाई ओ, गोळीची गुंगी हाय. सकाळी अंग तापल्यासारखं लागलं म्हणून अर्धी गोळी दिली. डाक्टरीणबाईनं सांगितलं तशी, बराबर.”

“मला शिकवती व्हय? म्या काय आज मेंढरं राखून राह्यलो? गिरकी हाय ही, गिरकी!”

मेंढीच्या डोक्यात हा रोग शिरला की ती एकाच अंगाला गोल गोल फिरत राहते, अडखळते, पडते, आणि एक दिवस पडली ती उठतच नाही. चाळीस वर्षं मेंढरांमागे चालून धुळाजीच्या डोळ्यांना हे लक्षण इतकं पाठ झालं होतं की झोकांडी खाणाऱ्या लेकरात त्याला दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं. आणि या रोगावर त्याच्या बापानं, बापाच्या बापानं शिकवलेला उपाय एकच... तापल्या विळ्याचा डाग! मेंढीला तोच, लेकराला तोच. आता बोला!

इतके महिने जी गोष्ट साखराबाईनं मुलाला, सुनेला शपथ घालून या माणसापासून लपवली होती, ती आज तिलाच सांगावी लागली.

“ऐका माझं... पोरीला तापात झटके येतेत. दिवाळीपासून तीनदा आले. ते येऊ न्हाई म्हणून ही गोळी हाय. तिच्यानंच दोन रोज अशी लडबडती, मंग बिलकुल ठीक हुती.”

“झटके?” धुळाजीचा चेहरा पांढराफटक पडला. “बिरूवानी?”

तिनं मान खाली घातली. बत्तीस वर्षांनी त्या घरात ते नाव कुणीतरी घेतलं होतं...

छकुलीला पहिला झटका आला तेव्हा धुळाजी मेंढरं घेऊन लांब होता. हातपाय ताठ, डोळे वर, ओठ निळे! सून पायल किंचाळत होती, मुलगा पप्पू जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर, आणि शेजारची पुष्पाबाई पायताण हुंगवायला धावत आलेली. दुसरा झटका महिनाभरानं. तिसरा तर टेंभुर्णीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत थांबला नाही. तेव्हा पप्पू आणि पायलनं लेकीला जालन्याला, लहान मुलांच्या डॉक्टर नीला मॅडमकडे नेलं, आणि साखराबाई हट्टानं सोबत गेली.

मॅडमनं सगळं तपासलं, आणि शांतपणे सांगितलं की काही लेकरांच्या मेंदूला ताप सोसत नाही, हे त्यातलंच आहे. पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेकांचं आपोआप थांबतं. तापाच्या औषधानं लेकराला बरं वाटतं, पण तेवढ्यानं झटका अडतोच असं नाही. तिचे झटके लवकर लवकर येतात, एक फार वेळ चालला, म्हणून ही गोळी. ताप यायला लागला की लगेच, झटक्याची वाट न बघता, अर्धी सकाळी आणि अर्धी संध्याकाळी, तीन दिवस. ताप नसताना द्यायची नाही. “पोरगी पेंगेल, चिडेल, झोकांड्या खाईल. घाबरून गोळी बंद करू नका, फक्त तिला पडू देऊ नका. आणि एवढं करूनही झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेला तर दवाखाना गाठा.” मग साखराबाईकडे बघून त्या हसून म्हणाल्या, “आजी, या झटक्यात बघणाऱ्याचा जीव जातो, लेकराचा जात नाही!”

पप्पू हसला, पायलनं देवाला हात जोडले. साखराबाई मात्र गार पडली होती. घसा खाकरून तिनं विचारलं,

“आन् म्याडम... डाग दिला तर?”

मॅडमचं हसू पळालं. “डाग? त्या जखमा पिकतात, आजी. ते विष रक्तात जातं. झटक्यातून वाचलेली लेकरं त्या डागानं जातात!”

कुणी नवं काही सांगितलं नव्हतं तिला! बत्तीस वर्षं तिच्या काळजात जे रुतून बसलं होतं, तेच एका परक्या बाईनं उजेडात बोलून दाखवलं होतं. 

बिरू तिचा पहिला. पावणेदोन वर्षांचा, गुबगुबीत, बापाच्या घोंगड्यात शिरून बसणारा. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात मेंढरं बसवली होती तेव्हा त्याला ताप भरला आणि झटका आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. धुळाजीनं त्याला कपाळावर एक आणि पोटावर दोन डाग दिले... जीव तोडून प्रेम करणाऱ्या बापाच्या हातानं, डोळ्यांतून पाणी गाळत दिले! नवव्या दिवशी, गावी परतल्यावर, लेकरू गेलं. आणि सासू भर माणसांत बोलली, “हिनं लोकर धुवून आल्यावर वल्या अंगानं पाजलं. हिनंच खाल्लं पोरगं!”

साखराबाई त्या वेळी एकवीस वर्षांची. तोंड उघडणार, तोच तिची नजर गावच्या विहिरीकडे गेली. धुळाजी दोन दिवस त्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता, अन्न नाही, पाणी नाही, पुटपुटत होता, “म्या तर सगळं केलं... म्या तर सगळं केलं...” तिला कळून चुकलं, की हा माणूस या एका वाक्याला धरून जिवंत आहे, ते हातातून काढून घेतलं तर तो विहिरीत जाईल. म्हणून ती गप्प राहिली. पाळण्यात लेकरू घालायला कुणी तिला बोलावेना, ओटी भरायच्या वेळी बायका तिला मागं सारत, पप्पू झाल्यावरही ते सुटलं नाही... तरी ती गप्प राहिली! आणि ज्याच्यासाठी ती हे विष पचवत होती, तो नवराही मनातून तेच मानत होता. यापरता दुसरा वनवास तो काय असायचा?

“आण ती गोळी इकडं.”

धुळाजीनं कोनाड्यातलं पाकीटच उचललं. साखराबाई “अवो, न्हाई...” म्हणेपर्यंत ते चुलीत गेलं आणि चर्रकन आक्रसलं.

“काय केलंत हे? संध्याकाळची अर्धी द्यायचीय अजून तिला! ताप चढून राह्यलाय!”

“इख हाय ते! तू सकाळी दिलं आन् दुपारी पोरगी गिरक्या घ्यायला लागली. डोळे हायेत ना मला?” बोलता बोलता त्यानं वळचणीचा विळा ओढला आणि टोक निखाऱ्यांत खुपसलं.

साखराबाईनं सुनेला फोन लावला. पायल गावाबाहेरच्या बियाण्याच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या फुलांवर परागकण लावायच्या कामाला जाई, क्रॉसिंगला. आत फोन न्यायची परवानगी नव्हती. फोन वाजून वाजून बंद पडला. पप्पूचा लागेना. आजूबाजूच्या घरांना कुलपं, सगळा गाव गहू काढायला रानात. 

टोक लाल झालं. धुळाजी उठला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हात मात्र दगडासारखा स्थिर होता.

“दे तिला.”

“न्हाई देणार.”

“पप्पूची माय, आडवी येऊ नकोस! एक लेकरू तुझ्या पायी गेलं. हे दुसरं म्या जाऊ देणार न्हाई!”

तुझ्या पायी! अरे देवा... सासू म्हणाली होती, जावा म्हणाल्या होत्या, गाव म्हणालं होतं. पण त्यानं, त्यानं हे कधी ओठांवर आणलं नव्हतं. साखराबाईच्या आत काहीतरी तटकन तुटलं. ती भिंतीला पाठ लावून, नातीला दोन्ही हातांनी छातीशी आवळून उभी राहिली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

“माझ्या पायी न्हाई गेला बिरू! तुमच्या डागानं गेला!”

धुळाजी जागीच थबकला.

“आठवा जरा! डाग दिल्यावर तिसऱ्या दिशी ताप उतरला हुता का न्हाई? पेज पिला हुता का न्हाई? तुमच्या मांडीवर बसून काठी हालवत हुता, आठवतंय? त्याच्यानंतर एकबी झटका आला न्हाई त्याला... एकबी न्हाई! मंग पोटावरची जखम पिकली. पू धरला. वास यायला लागला, तवा पुन्यांदा ताप आल्ता! म्या पुसत हुते ती जखम फडक्यानं, दिवसातून धा बार. तुम्ही तिकडं बघतबी नव्हता. त्या जखमंनं गेला माझा बिरू, वल्या अंगाच्या दुधानं न्हाई!”

विळा जमिनीवर पडला. छकुली गुंगीतून दचकली आणि रडायला लागली.

“तुला...” धुळाजीचे ओठ नुसते हलत होते, “तुला कवापासून ठावं हाय हे?”

“तवापासून.”

त्यानं भिंतीवर लटकवलेल्या दवाखान्याच्या पिशवीत हात घातला, पुन्हा खाली घेतला, डोळे पुसले... तो काय करतोय हे बघायला साखराबाई थांबलीच नाही. ती नातीला पाणी पाजायला आत वळली. बाहेर आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि धुळाजी नव्हता. त्याच्या वहाणा तिथंच होत्या, फोन घोंगड्यावर पडला होता.

विहीर!

तिच्या मनात पहिला शब्द आला तो हाच. बत्तीस वर्षं जे होऊ नये म्हणून तोंड शिवलं, ते आज तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं! धावावं तर कडेवर तापलेलं लेकरू, त्याला एकटं टाकावं कसं? मॅडम म्हणाल्या होत्या, पडू देऊ नका... ती दारापर्यंत जाई, रस्त्याकडे डोळे फोडून बघे, “पप्पूचे बाबा...” अशी हाक मारी, आणि परत येऊन छकुलीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवी. नवऱ्याचा जीव आणि नातीचा जीव, दोन्हीकडून ओढ. मधे ती एकटी. देवा, एकच मागणं, दोघांतल्या कुणालाही नेऊ नकोस, न्यायचं तर मला ने!

पाच वाजता पायल आली. बोटांना पिवळे परागकण, डोक्याला बांधलेला रुमाल. आधी लेकीच्या कपाळाला हात लावला, मग कोनाड्यात बघितलं, मग चुलीपाशी आक्रसलेलं चकचकीत पाकीट आणि काळा पडलेला विळा... तिचे डोळे विस्फारले; दाराशी पडलेल्या वहाणा आणि घोंगडं तिला दिसलंच नाही.

“आत्याबाई, गोळ्या कुठायत? संध्याकाळच्या डोसाची वेळ झाली! आन् हा इळा... कुणी जाळल्या गोळ्या?”

साखराबाईला सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती विहीर होती, आणि कदाचित या जगात नसलेल्या माणसाला सुनेच्या नजरेतून उतरवणं तिला जमेना. सवयच ती, दुसरं काय! 

“म्याच टाकल्या,” ती म्हणाली. “चुकून.”

“चुकून? चुकून चुलीत?” पायलचा आवाज चिरकला. “तुमच्यावर इश्वास टाकून मी कामाला जाते, आत्याबाई! माझं लेकरू तुमच्या वटीत टाकून जाते! आन् तुम्ही इळा तापवून... मंग लोक म्हणतेत ते काई खोटं न्हाई! एक खाल्लं, आता माझं बी...”

तिनं छकुलीला सासूच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. साखराबाईचे रिकामे हात तसेच पुढे राहिले. ज्या लेकरासाठी तिनं आज नवरा पणाला लावला, त्याच लेकरापुढे ती पुन्हा तीच झाली होती, जी बत्तीस वर्षांपूर्वी झाली होती.

“तिला बोलू नकोस, सूनबाई.”

दारात धुळाजी उभा होता. गुडघ्यापर्यंत धूळ, अनवाणी पाय फुटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एका हातात पिशवीतली मॅडमची घडी घातलेली चिठ्ठी आणि दुसऱ्या मुठीत गोळ्यांचं नवं पाकीट, इतकं घट्ट धरलेलं की कडा तळहातात रुतल्या होत्या. टेंभुर्णीपर्यंत तो चालत गेला होता, दोन मेडिकलमध्ये गोळी मिळाली नाही, तिसऱ्यात मिळाली, आणि तसाच चालत परत आला होता.

साखराबाई भिंतीला धरून खाली बसली. जिवंत आहे... जिवंत आहे!

“गोळ्या म्या जाळल्या,” धुळाजी म्हणाला. “इळा बी म्याच तापवला. ती लेकराला छातीशी धरून मधी उभी राह्यली म्हणून पोरगी वाचली. आन् सूनबाई... बिरूलाबी म्याच मारलं. डाग देऊन मारलं. तिनं काई खाल्लं न्हाई. माझं पाप तिनं बत्तीस वर्षं आपल्या डोस्क्यावर वागवलं, आन् म्या... म्या खुशाल तिलाच पापीण समजत राह्यलो!”

लेकीचं अंग तापत होतं आणि पायलला रडायला आत्ता सवड नव्हती. तिनं गोळी मोडली, अर्धी चमच्यात पाण्यात विरघळवली, छकुलीच्या गालाच्या आतून हळूहळू सोडली. धुळाजी श्वास धरून बघत होता.

“ह्यानं उद्या पुन्हा लडबडंल?”

“हो, मामा. दोन रोज.”

“मंग म्या धरतो तिला. दोन रोज खाली ठिवणार न्हाई.” आणि थोड्या वेळानं, घाबरत घाबरत, “आता झटका न्हाईच येणार ना?”

“येऊ शकतो. कमी येतेत, पण येऊ शकतो. आला तर कुशीवर वळवायचं आन् जवळ बसायचं. बस.”

“जवळ बसायचं,” धुळाजी म्हणाला. “एवढंच? आन् म्या...”

पायल सासूच्या पायांवर कोसळली. “आत्याबाई, माझी जीभ झडावी! मला माफ करा...” साखराबाईनं तिला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला, पण छातीशी धरलं नाही. तेवढं आज तिच्यानं झालं नाही. काही शब्द असे असतात की ते मागं घेतले तरी जिथं लागले तिथली आग लगेच विझत नाही. ती बोलली ते एवढंच, “लेकराकडं बघ. तिला मांडीवर घेऊन बस.”

धुळाजी ओसरीवर तिच्यापासून दोन हात अंतरावर येऊन बसला. फुटलेल्या पायांतून रक्त येत होतं. सवयीनं ती पाणी आणायला उठू लागली, तर त्यानं हाताच्या खुणेनंच तिला थांबवलं.

“तू तवाच का बोलली न्हाईस?”

“तुम्ही इहिरीवर बसला हुतात.”

धुळाजीनं मान वर केली. म्हातारा, सुरकुतलेला चेहरा, लहान लेकरासारखा थरथरत होता.

“म्या जगावं म्हणून तू गप्प बसलीस. म्या जगलो. खाल्लं, पिलो, पोरगं वाढवलं, नात खेळवली...” त्यानं तिच्याकडे तोंड फिरवलं. “आन् तू? तू कशी जगलीस गं, बिरूची माय?”

बिरूची माय! लेकरू गेल्यापासून या नावानं तिला कुणीही, एकदाही हाक मारली नव्हती. सासूनं त्या दिवशी बजावलं होतं, लेकरू खाऊन वर रडायचं नाही. आणि ती रडली नव्हती, ना त्या दिवशी, ना बाराव्याला, ना पुढे कधी. साखराबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण उत्तर आलंच नाही. आला तो हंबरडा. आतून पायल घाबरून दारात आली, रानातून परतणाऱ्या बाया रस्त्यात थांबून बघू लागल्या. तरी साखराबाई तोंडाला पदर न लावता, बिरूचं नाव घेऊन घेऊन, मोठ्यानं रडत राहिली. आणि धुळाजी तिला गप्प राहा म्हणाला नाही.